आपलं मदिनेचं घर

सुरेबंदरच्या मोहल्ल्यात कुबराच्या घराला सगळे ‘आपलं मदिनेचं घर’ म्हणतात. घर भाड्याचं. भाडं जाफर भरतो, आणि मोरीपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत कोपरान् कोपरा कुबरा घासते. पण ‘आपलं’ म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं! कोकणातल्या त्या खाडीकाठच्या गावातून कोणी उमऱ्याला, मक्का-मदिनेच्या यात्रेला निघालं, की बॅगा भरायच्या आधीच त्याला सांगणारे भेटतात, “मदिनेत हॉटेलात कशाला ऱ्हातस? आपला घर हाय ना!” मग फोन येतो तो थेट जाफरला. कुबराला कळतं ते संध्याकाळी, जाफर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून डोकं खाजवायला लागला म्हणजे.

जाफर, तिचा नवरा, हरमजवळच्या, म्हणजे मदिनेच्या मोठ्या मशिदीजवळच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे. जगभरच्या परक्या माणसांच्या चादरी दिवसभर बदलून घेतो, पण गावच्या माणसाला हॉटेलात उतरू देत नाही. त्यात त्याला कमीपणा वाटतो. “रसूलुल्लाहांच्या शहरात ऱ्हातो आपण, त्यांच्या पाहुण्यांची खिदमत आपल्या नशिबात हाय,” असं तो म्हणतो, आणि ते खरंच मनापासून म्हणतो. अडचण एवढीच, की खिदमत त्याच्या नशिबात असते आणि भाकऱ्या कुबराच्या.

वीस वर्षांची असताना लग्न होऊन ती मदिनेला आली. तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यातल्या बाया तिला बघायला लोटल्या होत्या. मुंबईला, कुवेतला, दुबईला पोरी दिल्या होत्या. मदिनेला नांदायला जाणारी ही पहिलीच. कोणी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, कोणी तिचे हातच धरून ठेवले. “नशीब काढलंस गो पोरी,” असं म्हणून प्रत्येकीने आपला सलाम तिच्या पदरात टाकला.

हा सलाम टाकणं म्हणजे नुसता निरोप नव्हे. मदिनेला जाणाऱ्या माणसाजवळ गावची माणसं सांगतात, ‘माझा सलाम पोचव.’ त्याने तिथे रोज्याजवळ, म्हणजे पैगंबरांच्या, रसूलुल्लाहांच्या कबरीजवळ जाऊन म्हणायचं, अमक्याच्या अमकीने सलाम पाठवलाय. नाव घेऊन म्हणायचं. ज्याने हो म्हटलं त्याच्या गळ्यात ती अमानत पडली. ज्या बाईचा जन्म खाडीच्या अल्याड-पल्याड गेला, तिचं नाव तरी तिथे पोचतं. बायांना तेवढं पुरतं.

कुबराने सुरुवातीला खूप सलाम पोचवले. मग लेक झाली, नबीला. मग ॲप आलं. आता मशिदीत कधीही जाता येतं, पण रोज्याला लागून असलेली जी जागा आहे, जिला रियाजुल जन्ना म्हणतात, जन्नतची बाग, तिथे जायचं तर ॲपवर वेळ घ्यावी लागते, आणि ती वर्षातून एकदाच मिळते. पुरुषांचं बरं असतं. रोज्याच्या समोरून सलाम करत जाणारी त्यांची वाट वेगळी आहे, तिथून ते रोज जाऊ शकतात. बायांना जवळ जायला ती एकच संधी. आणि कुबराची ती संधी दोन वर्षं लागोपाठ हुकली होती. गेल्या वर्षी घरी उतरलेल्या, गावच्या जमातीच्या खजिनदारांचं प्रेशर नेमकं त्याच दिवशी वाढलं. त्याच्या आधी गावच्या शाळेचे ट्रस्टी आले होते, त्यांची फ्लाइट बदलली आणि ते जेवायलाच परत घरी आले. दोन्ही वेळा जाफर म्हणाला, “जरा सांभाळून घे.” दोन्ही वेळा तिने सांभाळून घेतलं. सांभाळून घेण्यात तिचा हात धरणारं मदिनेत कोणी नसेल.

यंदा नबीलाने वेळ घेऊन दिली. पोरगी दहावीत, मराठी तिला कळते पण तोंडातून येत नाही. मोबाइल आईच्या हातात देत म्हणाली, “अम्मी, इस बार मिस मत करना हां. प्लीज.”

“नाय करणार,” कुबरा म्हणाली. तिने ते आपल्या अम्मालाही फोनवर सांगितलं. अम्मा सुरेबंदरलाच. उमऱ्यासाठी तिने पासपोर्ट काढला होता, पण मग गुडघे गेले. आता ती ओटीवरून अंगणात उतरते तेवढंच. “जाशील तेव्हा जाशील,” अम्मा म्हणाली. एवढंच कसं म्हणाली, याचं कुबराला नवल वाटलं. आपला सलाम सांग, असं काही ती बोलली नाही. कुबराला ते जरा लागलंच.

आठ दिवसांनी जाफर दारात उभा राहून डोकं खाजवायला लागला.

येणार होते जमातीचे अध्यक्ष हाशममामू आणि गावच्या मशिदीत शुक्रवारचं प्रवचन देणारे खतीब कादिर. हाशममामू कुबराच्या अम्माचे चुलतभाऊ. उभा जन्म बोटीवर काढलेला, आता गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. कादिर खतीब चाळिशीचे, मऊ आवाजाचे, मान खाली घालून बसणारे. मक्केला जायच्या दिवसापर्यंत मुक्काम ‘आपल्या’ घरी. मक्केची टॅक्सी दुपारची, आणि तो दिवस म्हणजे नेमका कुबराच्या वेळेचा दिवस. तिची वेळ सकाळी साडेदहाची.

“मंग मी साडेधाला नाय ऱ्हाणार घरात,” तिने जाफरला त्याच दिवशी सांगून टाकलं.

“नको राहू. लवकर जेवण वाढ नि जा. मी सांगतो त्यांना.”

त्याने सांगितलं की नाही, अल्लाह जाणे.

पाहुणे आले. येताना सोडे, कोकम आणि फणसपोळी घेऊन आले, हे खरं. पण त्या सोड्यांचं कालवण करायचं कोणी? हाशममामूंना मदिनेत येऊनही तांदळाची भाकरी लागते. बाहेरची रोटी ‘चामड्यागत’ लागते. पीठ बघून त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, “ह्या तांदळाला आपल्या तांदळाची चव नाय.” दुसऱ्या दिवशी सांदणं फुगली नाहीत. तिसऱ्या दिवशी गीझरचं पाणी जास्त कढत होतं. प्रत्येक गोष्ट ते रागाने नाही, अगदी आपुलकीने सांगायचे, म्हणून कुबराला उलटून बोलता येत नसे. रागावून बोलणाऱ्याला निदान उत्तर देता येतं.

वर फोटो. रोजच्या दस्तरखानाचा, मांडलेल्या जेवणाचा फोटो हाशममामू मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत. ‘जाफरभाईंच्या घरी पाहुणचार. अल्लाह त्यांना बरकत देवो.’ खाली आमीन-आमीनची रांग. एका फोटोत कोपऱ्यात भाकरीची टोपली पुढे करणारा एक हात आला होता. काचेच्या हिरव्या बांगड्यांवरून अम्माने तो ओळखला आणि फोनवर म्हणाली, “हाताला भाजलाय काय गो?” सगळ्या ग्रुपात तेवढं एकीलाच दिसलं.

शेवटचा दिवस उजाडला. जाफर ड्युटीवर गेला, नबीला शाळेत. ठरलं होतं असं, की दोघे पाहुणे फजरची, पहाटेची नमाज पढून घरी येतील, नऊला जेवतील, आणि कुबरा निघेल. तिने पहाटेच आंघोळ केली, नवा अबाया इस्त्री करून दाराच्या खुंटीला लावला आणि भाकऱ्या थापायला बसली. सोड्याचं कालवण झालं, आमटी झाली. नऊ वाजले. कोणी आलं नाही. तिने फोन लावला तर कादिर खतीब हळू आवाजात म्हणाले, “खजुराच्या दुकानात हाव. मामू अजवा बघतायत.”

मामू अजवा बघत होते! तीन दुकानं झाली होती आणि चौथ्यात चाखून बघणं चाललं होतं. कुबराने जाफरला फोन केला. मागे व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज.

“येतील गो. वाढून मग जा.”

“साडेधाला माझी वेळ हाय, जाफर. वर्षाची एकच वेळ.”

“ठाव हाय मला. पण अध्यक्ष हायत ते. उपाशी गेले तर गावात काय तोंड दाखवू? जरा सांभाळून घे.”

तिने फोन ठेवला तो आपटूनच. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या घटकेला नीट कळलं. गावात दाखवायचं तोंड जाफरचं, आणि रियाजुल जन्नात न दिसणारं तोंड तिचं.

दहाला जरा कमी असताना पाहुणे आले. हातात खजुराच्या पिशव्या, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. हाशममामू हातपाय धुऊन दस्तरखानावर बसले आणि भाकऱ्यांना हात लावून म्हणाले, “गार झाल्या गो. राहू दे, आज भातच खाव आम्ही. वाईच गरम गरम भात टाक.”

कुबराने भात टाकला. काय करणार? हात आपोआप तांदळाच्या डब्याकडे गेले. इतक्या वर्षांत हातांनाही सवय झाली होती, डोक्याला विचारायचीही त्यांना गरज वाटत नव्हती. भात शेगडीवर आणि डोळे घड्याळावर. वीस मिनिटं भाताची, पंधरा टॅक्सीची, मग गेटपासूनचं चालणं. जमत नव्हतं. कसंही मांडलं तरी जमत नव्हतं.

बाहेर हाशममामू खुशीत होते. स्वयंपाकघराच्या दिशेने मोठ्याने म्हणाले, “कुबरा, सगळ्या मोहल्ल्याचे सलाम पोचवले हां आम्ही! गावातून निघताना आपल्या मशिदीच्या पायरीवर उभा ऱ्हावून बोललो, जिचा जिचा सलाम असेल तिने आणून द्या. सगळ्या बाया आल्या. एक उरली नाय.”

कुबरा दारात आली. “सगळ्यांची नावं ध्यानात ऱ्हायली तुमच्या?”

“नावं?” मामू हसले. “अगो, तिथे काय गर्दी! थांबू देतात काय कोणाला? एवढ्या बायांची नावं कोण घेत बसतो? सगळ्यांचा मिळून एकच सलाम दिला. सुरेबंदरच्या समद्या बायांचा सलाम. खलास!”

कादिर खतीब ताटाकडे बघत पुटपुटले, “तसा दिला तरी पोचतो. हरकत नाय.”

“बघ, खतीब पण सांगतात,” मामू म्हणाले. मग काहीतरी गोड आठवल्यासारखे पुढे झाले. “तुझ्या अम्माने पण दिला होता. मी बोललो, अगो तुझी लेक तिथेच हाय, तिला सांग ना! तर बोलते कशी, ‘भाऊ, आमच्या कुबराला कुठली सवड? ती पाहुण्यांच्या मागेच असते. तुम्हीच सांगा माझा सलाम, तिला नका बोलू.’ ऐकलंस? तुझी खिदमत तुझ्या अम्मालापण ठावकी हाय. नशीबवान हायस.”

त्यांनी ते कौतुकाने सांगितलं होतं. त्यांच्या आवाजात खोट नव्हती.

कुबरा तशीच उभी राहिली. म्हणजे अम्मा म्हणून गप्प बसली होती. पोटची पोर मदिनेत, आणि आईने सलाम दिला तो चुलतभावाजवळ, पोरीच्या डोक्याला आणखी एक काम नको म्हणून. आणि तो भाऊ अजवा खजूर चार दुकानांत चाखून बघत होता आणि अम्माचं नाव त्याने गर्दीत समद्या बायांमध्ये ढकलून दिलं होतं. कुबराला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. मामूंचा आला, जाफरचा आला, आणि दारात उभं राहून सगळ्यांना हो म्हणणाऱ्या आपल्या स्वतःचा तर इतका आला, की तिने हातातला डाव तिथेच ओट्यावर फेकला.

खुंटीवरचा अबाया काढून तिने अंगात घातला.

“कुठं चाललीस?” मामूंनी विचारलं.

“सलाम पोचवायला.”

“आणि भात?”

“शेगडीवर हाय. पाणी आटलं की गॅस बंद करा. उजव्या हाताची कळ. कालवण झाकून ठेवलंय, ताटं मांडणीवर हायत.”

“अगो पण वाढणार कोण?”

“हात हायत ना तुम्हाला, मामू,” असं म्हणून तिने दार ओढून घेतलं.  जमातीच्या अध्यक्षाला असं बोलणारी बाई सुरेबंदरात अजून जन्माला यायची होती.

टॅक्सीवाला पाकिस्तानी होता. तिचा चेहरा बघून त्याने गाडी दामटली. गेटपासून ती जवळजवळ पळतच गेली. बायांच्या रांगेशी काळ्या बुरख्यातल्या पहारेकरणीने मोबाइलवरचा कोड पाहिला, मग घड्याळ पाहिलं, मग कुबराकडे पाहिलं. कपाळावर घाम, आणि बाहीला तांदळाचं पीठ.

“यल्ला,” म्हणत तिने आत जायची खूण केली. रांगेतली कुबरा शेवटचीच होती.

आत हिरवा गालिचा पायाखाली आला आणि कुबराला आधी काहीच सुचलं नाही. किती गोष्टी सांगायच्या ठरवल्या होत्या! डोक्यात फक्त एक प्रश्न घोंघावत होता, मामूंना गॅसची कळ सापडली असेल का. त्याचाही तिला संताप आला. इथे येऊनही भातच!

तिने दोन रकात नमाज पढली आणि मग डोळे मिटून ती मोहल्ल्यात शिरली. लहानपणी शिरणीचं ताट घेऊन घरोघरी जायची, तशीच. मशिदीच्या पायरीपासून सुरुवात. पहिलं घर रुकय्याचं. ‘या रसूलल्लाह, सुरेबंदरच्या रुकय्याचा सलाम.’ पलीकडे हलीमाबी, तिची सून अफनान. विहिरीजवळची अफशाँ, जिचा नवरा इथे सौदीतच, यान्बूच्या रिफायनरीत आहे आणि जिला तो कधीच इकडे आणत नाही. मग हाशममामूंचं मोठं दार. तिथे ती घटकाभर थबकली. मग जैबुनमामीचंही नाव घेतलं. तिने काय कोणाचं वाईट केलं होतं? एकेक दार, एकेक नाव. खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या टोकाला शेवटचं घर अम्माचं.

“माझ्या अम्माचा सलाम,” ती म्हणाली, आणि मग अम्माचं पूर्ण नाव, अम्माच्या बापाच्या नावासकट, मोठ्याने. शेजारच्या तुर्की बाईने वळून पाहिलं. पाहू दे.

“यल्ला हज्जा, यल्ला,” पहारेकरणी बायांना दाराकडे सारायला लागली. वेळ संपली होती. कुबराला वळता वळता आठवलं, की सगळ्यांचा सलाम झाला, स्वतःचा राहिला. दोन बायांच्या मधून मान वळवून तिने तो घाईघाईने दिला. आपल्या वाट्याला घाईचंच यायचं, असं म्हणत ती बाहेर आली, आणि तरी कितीतरी दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

घरी जिन्यातच करपल्याचा वास आला. बाहेरच्या खोलीत बॅगा बांधून तयार होत्या. कादिर खतीब मोरीत पातेलं घासत होते, बाह्या कोपरापर्यंत वर. तिला बघून ते ओशाळले. हाशममामू खुर्चीत तोंड फिरवून बसले होते.

“पाहुण्यांना टाकून जायचा रिवाज आपल्यात नाय,” ते म्हणाले. “जाफरला बोलणार हाय मी.”

“बोला,” कुबरा म्हणाली.  

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. खतीब बॅगा घेऊन उतरले. मामू दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि पाठमोरेच उभे राहिले.

“नावं घेतलीस काय सगळ्यांची?”

“घेतली. दारादाराने.”

“आमच्या घरातलीचं?”

“घेतलं मामू. जैबुनमामीचं घेतलं.”

मामू कठड्याला धरून हळूहळू उतरत गेले. फोटो तेवढा त्या दिवशी ग्रुपवर पडला नाही.

जाफर यायला अजून अवकाश होता. तो आला की बोलाचाली होणार, हे ठरलेलंच होतं. तिची तयारी होती. तिने अबायाही न काढता जमिनीवर बसून अम्माला फोन लावला.

“अम्मा, तुझा सलाम पोचला. मी दिला. तुझा नाव घेवून, नानांचा नाव घेवून.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. कुबराचेही डोळे भरले. आता अम्मा काहीतरी म्हणेल, इतक्या वर्षांचं सगळं भरून निघेल असं काहीतरी, म्हणून तिने फोन कानाशी घट्ट धरला.

“कुबरा,” अम्मा घाबरीघुबरी होत म्हणाली, “मग पाहुण्यांना कोणी वाढला गो?”

कुबराने कपाळाला हात लावला.

“त्यांनी आपल्या हाताने घेतला, अम्मा.”

“हाशमभावाने? आपल्या हाताने?” अम्माला ते खरंच वाटेना. “आणि भात? भात तरी बरा झाला होता ना?”

“करपला,” कुबरा म्हणाली. “करपलेलाच खाल्ला त्यांनी.”